तुकाई, येडाई, येळवस : आपल्याकडच्या देवाधर्माच्या नावांमागं नेमकं काय?

वाहक_कळंब

रामराम मंडळी. मी एसटीत वाहक आहे. कळंब-येरमाळा-येडशी-धाराशिव-तुळजापूर ही लाईन बऱ्याचदा माझ्या वाट्याला येते, आणि चैत्री पौर्णिमेच्या आगंमागं तर येरमाळ्याच्या जादा गाड्यांवरच ड्युटी लागते. गाडीत जे भांडण झालं ते मिटवायला इथं आलोय.

गाडी खच्चून भरलेली. मागच्या बाजूला एक आराधी मावशी. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी, कपाळभर मळवट. शेजारी लातूरला स्पर्धा परीक्षेचा क्लास करणारं एक पोरगं, कानात वायर. मी मावशीला अर्धं तिकीट दिलं आणि सहज विचारलं, "मावशी, आधी येडाई का आधी तुळजापूर?" झालं. मावशीनं गोष्टच लावली.

राम वनवासात सीतेला हुडकत ह्या बालाघाटात आला. झाडाला मिठ्या मारतोय, दगडाला विचारतोय, सीता बघितली का. वरून शंकर-पार्वती बघायलेत. शंकरानं हात जोडले तशी पार्वती म्हणली, बायकोसाठी रडत हिंडणाऱ्या माणसाच्या तुम्ही पाया पडता? थांबा, बघतेच त्याची परीक्षा. आणि सीतेचं रूप घेऊन त्याच्या वाटंत जाऊन उभी राहिली. रामानं बघितल्या बघितल्या वळखलं. म्हणला, "तू का आई?" ती झाली तुकाई, तुळजापूरची. आणि इकडं येरमाळ्याच्या डोंगरावर म्हणला, "आई, येडी का काय गं तू?" ती झाली येडाई.

पोरानं कानातली वायर काढली. म्हणलं, मावशी, असल्या गोष्टी मागून जुळवत्यात. तुळजा हे 'त्वरिता'वरून आलंय, आम्हाला नोट्समध्ये आहे. मावशी म्हणली, "रामाला दिसलं ते तुला नोट्समध्ये बी दिसंना व्हय रं?" गाडीभर हसायला. पोरगं काही मागं हटंना. येरमाळा येईस्तोवर दोघांचं चालू होतं आणि मी मधे उभा, मशीनवर तिकिटं फाडत.

मला एक गोष्ट मात्र तवाच खटकली. येडशीजवळ रामलिंग आहे. तिथं जटायूची समाधी दाखवत्यात, रामानं तिथं त्याचे अंत्यविधी केले म्हणत्यात. पुढं तुळजापूरला घाटशीळ, तिथनं देवीनं रामाला लंकेची वाट दाखवली म्हणत्यात. म्हणजे येरमाळा, येडशी, तुळजापूर, सगळं रामायण माझ्याच रूटवर थांबे लावल्यासारखं बसलंय. हे आपसूक बसलं का कुणी बसवलं?

आणि विचारायलोच आहे तर अजून एक. कॅलेंडरात 'वेळ अमावस्या' छापत्यात, आमच्यात म्हातारी माणसं 'येळवस' म्हणत्यात. खरं नाव कोणतं? तज्ज्ञ असाल तर सांगा, नसाल तरी ऐकलेली गोष्ट सांगा. मला दोन्ही चालतंय.

तेरखेडा_फटाका

पहिले हे सांगा, मावशीला बस-स्टँडवर उतरवलं का आमराईपर्यंत सोडलं? 😄

येडाईचं निघालंच आहे म्हणून. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते आणि चुन्याच्या रानातून आमराईकडं जाते. त्या रानात लाखोंनी माणूस वाकून चुनखडीचे खडे वेचतो. प्रत्येकानं पाच खडे वेचायचे, ते गोळा होतात आणि त्याच्या चुन्यानं देऊळ रंगवायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं हे लोक पैसे शोधायलेत का काय. नावाचं आम्हाला माहीत नाही बुवा, खडे कुठं सापडतात ते विचारा.

घाटशीळ_पायथा

कंडक्टर दादा, मी तुळजापूरचा. पोरगं म्हणालं ते आमच्याकडं सगळेच सांगतात, पण त्याच्या नोट्समध्ये अर्धंच आहे, कारण 'त्वरिता'लाही गोष्टच आहे. कर्दम ऋषी वारल्यावर त्यांची बायको अनुभूती सती जायला निघाली, पण पदरात लहान लेकरू होतं म्हणून थांबली आणि मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. कुकर नावाचा दैत्य तिच्या वाटेला गेला. तिनं देवीचा धावा केला आणि देवी त्वरित आली. म्हणून त्वरिता, त्याची झाली तुरजा, त्याची तुळजा. आता सांगा, ही गोष्ट संस्कृतात आहे म्हणून खरी आणि मावशीची बोलीत आहे म्हणून खोटी, असं कसं म्हणणार? दोन्हीकडं नावाची फोड करून त्यातनं देवी काढलेली आहे. फरक एवढाच की पुराणातली देवी हाकेला धावते आणि मावशीची देवी पकडली जाते! मला मावशीची जास्त आवडते.

जिभेवर नाव कसं झिजतं ते बघायचं असेल तर दसऱ्याला या. पहाटे देवीची मूर्ती सिंहासनावरून काढतात. आमच्याकडची मूर्ती हलवता येते, ही बाकीच्या ठिकाणी नसलेली गोष्ट. तिला 108 साड्यांचं दिंड गुंडाळतात, म्हणजे धक्का लागू नये. मग नगरकडून आलेल्या पालखीत बसवून पिंपळाच्या पाराभोवती प्रदक्षिणा. कुंकवाची उधळण अशी की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. ह्याला आम्ही शिलंगण म्हणतो. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघनच, बाकी काही नाही. 'सीमोल्लंघन' म्हणत बसलो तर पालखी पुढं निघून जाईल.

त्यानंतर देवी नगरहूनच आलेल्या पलंगावर कोजागरीपर्यंत झोपते. वर्षातून तीनदा झोपते ती: नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर आणि पौषात शाकंभरीच्या आधी. त्या दिवसांत येणाऱ्यांनी सिंहासन रिकामं दिसलं म्हणून घाबरून जाऊ नये, दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

औराद_शहाजानी

वाहक दादा, येळवसचं उत्तर तुम्हाला आमच्याकडं मिळेल. मी निलंगा तालुक्यातली, आमच्या शिवाराला लागून कर्नाटक. माहेरी आई कानडी बोलते, सासरी मराठी. घरात दोन्ही चालतं, भांडण कानडीत.

कानडीत तिळाला 'एळ्ळु' म्हणतात. बोलताना त्याचा 'येळ्ळु' होतो. मार्गशीर्षातल्या ह्या अवसेला पलीकडं 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात, म्हणजे तिळाची अमावस्या. आपण त्यातला 'येळ' तसाच ठेवला आणि पुढं आपली 'अवस' जोडली. येळ-अवस, येळवस. झालं. मग कुणा शिकलेल्या माणसाला वाटलं असेल की खेड्यातले लोक 'वेळ'ला 'येळ' म्हणतात, तर हेही अशुद्धच असणार, शुद्ध करून टाकू. तशी 'वेळ अमावस्या' छापायला लागली असणार. म्हणून तुमची म्हातारी माणसं बरोबर, कॅलेंडर चूक. हे मी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही ऐकवलंय.

ज्यांना येळवस म्हणजे काय माहीत नाही (लातूर-धाराशिव सोडून बाकीच्या महाराष्ट्राला नसतंच) त्यांच्यासाठी. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. घरनं डोक्यावर आंबिलाची बिंदगी आणायची. बिंदगी हाही शब्द कानडीच, 'बिंदिगे' म्हणजे घागर. ज्वारीचं पीठ आणि ताकाचं आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे हो पुणेकर! तुरीचे, मटाराचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, पालेभाजी, सगळं बेसन आणि चिंचेत शिजवलेलं. त्या दिवशी लातुरात रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात. ज्याला रान नाही त्याला बोलावणं असतंच.

आता गंमत ऐका. 'येळकोट येळकोट जय मल्हार' मधलाही येळ कानडीच, पण हा येळ वेगळा. कानडीत सात म्हणजे 'एळु', पहिला ए लांबवून. 'एळु कोटि' म्हणजे सात कोटी. पलीकडं बिदर जिल्ह्यात खानापूरला मैलार मल्लण्णा आहे, म्हणजे आपला खंडोबाच, तिथं अजून 'एळुकोटि' अशीच आरोळी देतात. तीळ आणि सात हे दोन शब्द कानडी कानाला लांबूनच वेगळे ऐकू येतात. मराठीत येताना दोघांचाही 'येळ' झाला, आणि आपण एकाला घड्याळातली वेळ समजलो आणि दुसऱ्याचा अर्थच विचारला नाही, नुसता भंडारा उधळला.

तेरखेडा_फटाका

भांडण कानडीत 😂😂 ताई, सात कोटी काय पण? देवाचं सैन्य का उधळलेला भंडारा?

औराद_शहाजानी

खंडोबा मणी-मल्ल दैत्यांवर चालून गेला तेव्हा बरोबर सात कोटींचं सैन्य होतं, असं आमच्यात सांगतात. तुम्ही मोजायला जाणार का.

वाहक_कळंब

ताई, एकदम पटलं. आमच्या आजीला हे ऐकवायला पायजे होतं, तिला शाळेतल्या गुरुजीनं 'येळवस' म्हणल्यावर टोकलं होतं म्हणे.

मैलारवरून आठवलं. सोलापूर रोडला ड्युटी असली की अणदूर आणि नळदुर्ग दोन्ही लागतंय. तिथं खंडोबा एकच आणि देवळं दोन! मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. न्यायच्या वेळेला दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करत्यात, अमुक तारखेला नेला, अमुक तारखेला परत. देवाचं बी असं कागदावर चालतंय. आणि नळदुर्गच्या त्या देवळाच्या जागंला मैलारपूर म्हणत्यात. मी इतक्या वर्षात पाटी वाचत होतो पण मैलार म्हणजे कोण हे आज कळलं.

घाटशीळवाले दादा, तुमचं पण मावशीला सांगतो, भेटली की. ती दर पौर्णिमेला असती.

आता पुढचं. आमच्या गावात आडावर कुणी वाकून बघितलं की म्हातारी वरडायची, "आसरा वढून घेतील." आसरा म्हणजे आधार ना? मग वढून कशाला घेतील?

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

वाहकभाऊ, नमस्कार. त्या आसरा म्हणजे आधार नव्हे. त्या अप्सरा. पाण्यात राहणाऱ्या सात जणी, साती आसरा. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात ते त्यांचेच. स्वर्गात इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या बाया आपल्याकडे येईपर्यंत आडात उतरल्या. अशीच षष्ठीची झाली सटवाई: बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहून जाते ती. महिषाचा झाला म्हसोबा. यक्षीची जाखाई. ह्यांच्या शेवटी लागलेली 'आई' आणि 'बा' पाहा. आपल्या माणसांनी देवाला देव म्हणून सोडले नाही, आई नाहीतर बाप केले. तुकाईमध्येही ती 'आई' अशीच मागून जोडलेली आहे: तुका-आई. तुमच्या मावशीच्या गोष्टीत फोड जरा अलीकडे पडते, तू-का-आई, आणि तेवढ्या एका फोडीवर सबंध प्रसंग उभा राहतो. मी चाळीस मिनिटांच्या तासात संधी शिकवत असे. मुलांच्या डोक्यात शिरत नसे. ही गोष्ट त्या वेळी सुचायला हवी होती.

आता आमच्या गावचे. योगेश्वरीची जोगाई. निजामाच्या काळात गावाचे नाव मोमिनाबाद होते, पण जोगाई कुणाच्या तोंडातून गेली नाही. देवी कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले. परळी येथून पंचवीसेक किलोमीटर. देवी कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली ती इथवर आली आणि कोंबडा आरवला. मुहूर्त टळला, लग्न मोडले, देवी इथेच राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले. पुरावा म्हणून गावातली लेणी दाखवतात. तिथे दगडात कोरलेले मोठे हत्ती आहेत, म्हणून लोक त्याला हत्तीखाना म्हणतात. लेणी कोरणाऱ्यांनी शिवाची लेणी कोरली, लोकांनी त्यात वऱ्हाडातले हत्ती पाहिले. कोकणस्थांची कुलदेवता इतक्या दूर मराठवाड्यात कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्या प्रश्नाला ह्या गोष्टीने एका रात्रीत उत्तर दिले आहे: लग्नाला निघाली होती, वाटेत उजाडले. भाऊ, तुम्ही विचारलेत ना, रामायण तुमच्या रूटवर कुणी बसवले? ज्याला ज्याला 'हे इथे कसे' असा प्रश्न पडला त्याने.

एक शंका औरादच्या ताईंना. 'येळकोट'मधला 'कोट' कोटीचा, हे मान्य. पण 'घे' कुठून आला? आमच्याकडे 'येळकोट येळकोट घे' असेही म्हणतात.

गोदाकाठ_नांदेड

मास्तर, तुमच्या हत्तींवरून औंढ्याचा नंदी आठवला. औंढा नागनाथाला नंदी देवळाच्या पुढं नाही, मागच्या बाजूला आहे. का? तर नामदेव महाराज दारात कीर्तन करायला लागले तेव्हा पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं. ते मागच्या अंगाला जाऊन बसले आणि गायला लागले. देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी राहिला होता तिथंच!

ही गोष्ट हिंगोलीतला कुणीही सांगेल, नामदेवांची नरसी तिथून जवळच. पण ती पंजाबात कशी पोचली ते बघा. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात हाच प्रसंग आहे, देवानं नामदेवासाठी देऊळ फिरवलं. शब्द आहे 'देहुरा'. आपल्या घरातला देव्हारा हा त्याचाच भाऊबंद, दोन्ही 'देवघर' ह्या एकाच जुन्या शब्दाचे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी ते पद गायला लागले की मला गंमत वाटते. समोर अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं आलेली माणसं डोळे मिटून ऐकत असतात, आणि ज्या देवळाबद्दल चाललंय ते तिथून एसटीनं दोन तासांच्या आत.

नामदेवांना गुरू भेटले तेही औंढ्याच्या देवळातच. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले पाय काढा, ते म्हणाले जिथं पिंड नसेल तिथं तूच ठेव. पाय ठेवावा तिथं पिंड उगवायची. आता 'खेचर' हे काय नाव झालं? गोष्ट अशी सांगतात की विसोबा आधी ज्ञानेश्वर भावंडांचा दुस्वास करायचे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही, तर ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिनं पाठीवर मांडे भाजले. ते बघून विसोबा वरमले आणि उष्टं खायला धावले, तेव्हा माउली म्हणाले, "खेचरा, परता सर." खेचर म्हणजे खेचरच, गाढव-घोड्याची अवलाद. पंडित लोक मात्र 'ख' म्हणजे आकाश, आकाशात फिरणारा योगी, असा अर्थ लावतात. मला वाटतं विसोबांना पहिला अर्थच पसंत असावा, नाहीतर नाव बदलून घेतलं असतं.

लंगरचं पण सांगून टाकतो. फारसीत लंगर म्हणजे जहाजाचा नांगर. आणि सूफी खानकाहात जिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण मिळायचं त्या जागेलाही लंगरच. तिकडून तो शब्द गुरुद्वाऱ्यात आला. इथल्या लंगरात बसून जेवलेला माणूस दुपारी तिथून हलत नाही, हा माझा अनुभव, मग अर्थ कुठलाही घ्या.

रोजेकर

सूफींचं निघालं म्हणून. आमचं खुलताबाद. जुनी माणसं अजून 'रोजा' म्हणतात, उपवासाचा रोजा नव्हे, 'रौझा' म्हणजे मजारीची बाग. औरंगजेब 1707 मध्ये नगरला वारला आणि इथं जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला. मेल्यावर त्याला 'खुल्द-मकान' म्हणायला लागले, म्हणजे ज्याचं घर स्वर्गात. त्या खुल्दचं खुल्दाबाद, आणि आपण केलं खुलताबाद. दुसऱ्या गावांत मारुती उभा, आमच्याकडं भद्रा मारुती आडवा निजलेला. भद्रसेन राजाचं भजन ऐकता ऐकता मारुतीचा डोळा लागला म्हणे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून माणसांची चालत रीघ लागते.

औराद_शहाजानी

मास्तर, 'घे'चं. पलीकडं आरोळी 'एळुकोटि एळुकोटि एळुकोटिगो' अशी ऐकू येते. तो शेवटचा 'गो' आपल्या कानाला 'घे' लागला असेल असं मला वाटतं. आपल्याला 'घे' ओळखीचा, म्हणून तो टिकला.

असलंच अजून एक आहे. येळवसला कोपीभोवती आंबील शिंपत फिरताना आमच्याकडं 'ओलगे ओलगे सालम पलगे' ओरडतात. कानडी शेतकरी त्याच दिवशी 'हुलिग्यो हुलिग्यो' ओरडतो. नवऱ्याला विचारलं अर्थ काय, तर म्हणाला ओरडायचं असतं, अर्थ कशाला. आईला विचारलं, तिनं कानडीत तेच सांगितलं. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून गव्हा-हरभऱ्यावरून ओवाळताना परत तेच. वाहक दादा, तुमच्या गाडीत कळंबपासून तुळजापूरपर्यंत चार गावची माणसं बसतात. येळवसच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला विचारा तुमच्यात काय ओरडतात, आणि जसंच्या तसं इथं लिहा, शुद्ध करू नका.

वाहक_कळंब

लिहितो. त्या दिवशी गाडी रिकामीच जाती, पण आदल्या दिवशी बिंदग्या घेऊन बसणाऱ्या बाया असत्यात, त्यांनाच विचारतो. बिंदगीला लगेज लावत नाही आम्ही, हे डेपोत कुणी सांगू नका.